गौराबाईचा स्वल्पविराम

आमच्या घरातलं मत असं, की माझ्या आयुष्यात जे काही वाटोळं झालं ते माझ्या स्वभावामुळं झालं. मला हे मान्य नाही. ते एका स्वल्पविरामामुळं झालं, आणि तो स्वल्पविरामसुद्धा माझा नव्हता. आमच्या दूध संघाचे सचिव महांतप्पा यांनी तो स्वतःच्या हातानं, शाईच्या पेनानं दिलेला होता. तरी तालुक्यात नाव झालं ते माझं. अजून भूमच्या स्टँडवर कुणी जुना माणूस भेटला की आधी हसतो आणि मग विचारतो, "काय उत्तरेश्वरराव, चांगुणा गावाला यष्टी जाती का?" मी पिशवी या हातातून त्या हातात घेतो आणि चालू लागतो.

दुष्काळाचं ते दुसरं वर्ष. बाणगंगेच्या पात्रात पोरं क्रिकेट खेळायची आणि संघाचे दुधाचे कॅन पालथे घालून भिंतीला लावलेले असायचे. ज्या संघाकडं दूध नाही त्याला कॉम्प्युटर कशाला लागतो, हा प्रश्न कुणालाही पडला असता. आमचे चेअरमन आबाराव यांना तो पडला नाही. शेजारच्या तालुक्यातल्या एका चेअरमननं कॉम्प्युटर घेतला होता आणि त्या माणसाचं आबारावांशी सोयरिकीवरून फाटलेलं होतं. एवढं कारण आमच्या सहकारात पुरेसं असतं.

मशीन आलं. त्याला थंडावा लागतो असं कुणीतरी सांगितल्यामुळं लोणी ठेवायची खोली रिकामी करून त्याला दिली आणि खिडकीला वाळ्याचा पडदा लावला. त्या पडद्यावर रोज सकाळी टँकरचं दोन बादल्या पाणी मारायचं. बाहेर बायका रिकाम्या घागरी घेऊन रांगेत उभ्या, आणि शिपाई त्यांच्या देखत पडद्याला आंघोळ घालतोय. बायका त्याला काही बोलायच्या नाहीत, त्या माझ्याकडं बघायच्या. मी खोलीत जाताना चप्पल बाहेर काढायचो, तीसुद्धा त्यांना खटकायची.

मशीन चालवायला माणूस म्हणून माझी निवड झाली, कारण संघात टायपिंगची परीक्षा पास झालेला मी एकटा. मला सोलापूरला धाडलं. तिथल्या सरांनी मला बेसिक नावाची भाषा शिकवली. सर मोठे शांत होते. डेटा फाइल म्हणजे काय हे मला काही केल्या कळेना, तेव्हा त्यांनी खडू खाली ठेवला आणि विचारलं, "शेती आहे का तुम्हाला?" म्हटलं, थोडी आहे. "मग सोपं आहे. एका माणसाची एक ओळ. त्या ओळीत नाव, गाव आणि जनावरं. दोहोंच्या मध्ये स्वल्पविराम. स्वल्पविराम म्हणजे बांध. बांध दिसला की मशीनला कळतं, अलीकडचं नाव संपलं, पलीकडं गाव सुरू झालं." हे मला एका झटक्यात कळलं. बांधावरून आमच्या भावकीत माझ्या आज्यापासून बोलणं बंद आहे.

मी दोन प्रोग्राम लिहून आणले. एक फाइल लिहायचा, दुसरा ती परत वाचून यादी छापायचा. वाचणारा बिचारा अगदी साधा होता. तो ओळबिळ बघत नसे. बांधामागून बांध ओलांडत तो तीन-तीन गोष्टी उचलायचा: पहिली आली ते नाव, दुसरी आली ते गाव, तिसरी आली ती जनावरं. मग पुन्हा नाव, गाव, जनावरं. मला त्याचा फार अभिमान वाटायचा. मी सत्यभामेला, म्हणजे आमच्या मंडळींना, तो वाचून दाखवला होता. ती भाकरी थापत होती. ती म्हणाली, "आणि कुणी मधीच एक बांध जास्तीचा घातला तर?" मी म्हटलं, असं कुणी कशाला करेल. बायकांना शंका फार असतात.

आता कडब्याचं सांगतो. संघानं मार्केट यार्डात चारा डेपो उघडला होता. बाहेरच्या जिल्ह्यातून कडब्याच्या ट्रका यायच्या आणि डेपोवरचा कोंडीराम सभासदांना पेंढ्या वाटायचा. कोंडीराम तोंड बघून द्यायचा. ज्याचं तोंड उतरलेलं त्याला एक पेंढी जास्त, ज्याची मिशी पिळलेली त्याला एक कमी. यावरून तक्रारी झाल्या. अर्थात मिशीवाल्यांनी केल्या. तेव्हा आबारावांनी संघाच्या आवारात सभा घेऊन जाहीर केलं, "येत्या बाजारपासून कडबा कॉम्प्युटर वाटनार. मशीनला भावकी न्हाय, पार्टी न्हाय. मशीन खोटं बोलत न्हाय." टाळ्या पडल्या. मी उगाच उभा राहून नमस्कार केला.

आमच्या गल्लीत समोरच्या घरात गौराबाई राहायच्या. नवरा बलभीम दोन उन्हाळ्यांमागं गेला. मूलबाळ नाही. दावणीला एक म्हैस, चंद्री, आणि ती दिवसांत आलेली. व्याली की दूध खव्याच्या भट्टीला घालायचं आणि वर्ष काढायचं, एवढाच गौराबाईंचा संसार उरला होता. सभेनंतर त्या आमच्या ओट्याशी येऊन उभ्या राहिल्या. "भाऊ, त्या मशीनला आमचं नीट सांगा बरं का. एवढा महिना चंद्रीला दोन पेंढ्या मिळाल्या म्हंजी निभलं. म्हस ऱ्हायली तर म्या ऱ्हायले." मी म्हटलं, "अक्का, काळजी करू नका. मशीन आहे ते, कोंडीराम नाही." हे वाक्य मला नंतर फार महागात पडलं.

गौराबाईंच्या नावाची एक गंमत होती. संघाचा शेअर अजून बलभीमच्या नावावर. वारसनोंद व्हायची राहिलेली. आणि आमच्या संघात अशी रीत, की सभासद वारला तरी वारसनोंद होईपर्यंत त्याचं नाव खोडायचं नाही. खोडणं बरं दिसत नाही. नाव तसंच ठेवायचं, पुढं स्वल्पविराम द्यायचा आणि मागं राहिलेल्या माणसाचं नाव लिहायचं. तसे बरेच होते, पण बाकीच्यांनी कागदपत्रं करून नावं चढवून घेतली. राहिल्या एकट्या गौराबाई. महांतप्पांनी लिहिलं होतं: बलभीम, गौराबाई. त्यांच्या अक्षरात ते दोघं शेजारी बसल्यासारखे दिसायचे.

मी जसं होतं तसं टाइप केलं. मशीनला मराठी येत नव्हती, म्हणून इंग्रजी अक्षरांत. बलभीम, गौराबाई, भूम, एक. एका ओळीत एक बांध जास्त पडलाय हे माझ्या ध्यानात आलं नाही, कारण मी ते नाव रोज बघत होतो.

बाजारच्या आदल्या दिवशी दुपारी लाईट आली तेव्हा यादी छापली. किर्र किर्र करत कागद बाहेर आला. शेवटी मशीननं स्वतःच्या काचेच्या पडद्यावर इंग्रजीत कायसं कळवलं, की फाइल संपली आणि पुढं वाचायला काही नाही. मला ते नम्रतेचं वाटलं. यादी तपासायला घेतली तोच लाईट गेली. तरी पहिली ओळ मी दारात उजेडाला धरून पाहिली. नाव आबाराव, गाव वालवड, जनावरं सहा. चेअरमन बरोबर आले म्हणजे काम बरोबर आलं, ही आमच्या संघाची पूर्वापार तपासणी आहे.

बाजारच्या दिवशी मार्केट यार्डात पाय ठेवायला जागा नव्हती. कर्णा लावलेला. आबाराव खुर्चीत. यादी इंग्रजीत असल्यामुळं वाचायचा मान माझा. मी इस्त्रीचा शर्ट घातला होता. आबारावांपासून सुरुवात झाली, दोन-चार नावं झोकात गेली, कोंडीराम अजून आबारावांच्याच पेंढ्या मोजत होता. मग मी वाचलं, "बलभीम. गाव गौराबाई. जनावरं शून्य."

थोडं हसू झालं. गौराबाई पुढं आल्या. "भाऊ, शून्य कसं? काल सांजच्याला तुमीच चंद्रीला पानी दावलं की."

मी म्हटलं, "थांबा अक्का, पुढं असेल," आणि वाचलं, "नाव एक. गाव चांगुणा. जनावरं शून्य."

इथं शहाण्या माणसानं थांबायला हवं होतं. पण कर्ण्यासमोर उभा असलेला माणूस कागदावर असेल ते वाचत जातो, त्याचं डोकं त्याच्याबरोबर नसतं. "नाव तीन. गाव दगडू. जनावरं शून्य. नाव दोन. गाव इमाम. जनावरं शून्य." पाथरूडच्या चांगुणाबाई, चांगल्या सत्तरीच्या, काठी टेकत उठल्या आणि म्हणाल्या, "आरं, मला गाव केलं व्हय रं तू?" मग जे हसू फुटलं ते पार स्टँडपर्यंत ऐकू गेलं. कुणीतरी ओरडलं, "चांगुणाला यष्टी कितीला हाय?" त्या हसण्यातच पुढच्या ओळी गेल्या. आणि मग लोकांच्या ध्यानात आलं, की बलभीमच्या खाली असलेल्या प्रत्येकाला शून्य जनावरं आहेत, म्हणजे शून्य पेंढ्या. हसणं थांबलं.

त्या दिवशी कडबा वाटला गेला नाही. आबारावांची सहा जनावरं सोडून.

पुढं मला मिळालेल्या सल्ल्यांचं एक वेगळं पुस्तक होईल. शिपायाचं म्हणणं, पडद्यावर पाणी कमी पडलं. महांतप्पांचं म्हणणं, अमावास्येला सुरू केलेलं काम असंच होतं. आमच्या भिंतीला भिंत लागून राहणारा मच्छिंद्र एस.टी.त कंडक्टर होता, त्याचं म्हणणं, "उत्तरेश्वरराव, मशीनला शिटं मोजायला बसवलं तर ते उतरलेलं बी मोजतंय. आमच्या तिकिटाच्या पेटीचं असंच हाय. दोन थापडा द्या." मी थापडा दिल्या नाहीत, पण एकदा कुणी नसताना मशीनच्या पेटीवर हात ठेवून बघितला, फार गरम आहे का ते. सत्यभामा फक्त म्हणाली, "मी काय विचारलं होतं तुम्हाला?" मला आठवत होतं. मी आठवत नाही असं दाखवलं.

लाईट येईल तेवढ्या वेळात मी फाइल ओळीओळीनं वाचली आणि सापडला. बलभीमच्या पुढचा तो एवढासा स्वल्पविराम. मशीननं बलभीम हे नाव घेतलं, बांध ओलांडून गौराबाई हे गाव घेतलं, आणि जनावरं मोजायला गेलं तर तिथं भूम. अक्षरं दिसली की ते शून्य धरतं. मग उरलेल्या एकाला त्यानं पुढच्या माणसाचं नाव केलं, चांगुणाबाईंना गाव केलं, आणि तिथून सगळा तालुका एक-एक घर सरकला. मला एकीकडं हायसं वाटलं आणि दुसरीकडं रडू आलं. प्रोग्राम बरोबर होता. बरोबर असूनच त्यानं माझी अब्रू घालवली होती.

मी संचालक मंडळासमोर हे सगळं समजावून सांगितलं. फळ्यावर बांधसुद्धा काढून दाखवले. आबारावांनी फळ्याकडं पाहिलं. "म्हंजी एका बाईच्या टिंबानं सगळ्या तालुक्याची जनावरं उपाशी?"

"टिंब नाही साहेब, स्वल्पविराम."

"तेच ते. काढा ते."

संध्याकाळपर्यंत गावभर झालं, की गौराबाईनं मशीन बिघडवलं. त्या पाण्याच्या रांगेत उभ्या राहिल्या तर बायका जरा सरकून उभ्या राहू लागल्या. मी कितीदा सांगितलं, की चूक बाईंची नाही. लोक म्हणायचे, मग कुणाची? इथं मला गप्प बसावं लागे.

काढा म्हणणं सोपं होतं. मी महांतप्पांकडं गेलो. "अप्पा, फक्त बलभीम ठेवतो."

"मयताला कडबा?" महांतप्पा म्हणाले. "ऑडिटर मला उभा जाळंल."

"मग फक्त गौराबाई."

"त्या सभासद कुठं हायत? बिगरसभासदाला कडबा देऊन मला घरी बसवायचं का तुमाला?"

"मग दोघांचं मिळून, मध्ये काहीच न देता."

महांतप्पांनी चष्मा काढला. "बलभीम गौराबाई म्हनून मानूस हाय का आपल्या तालुक्यात? असला तर आना. मी सही करतो." मग जरा मऊ होऊन म्हणाले, "हे बघा, दोघं पायजेत आणि मधी स्वल्पविराम पायजे. तसं असलं तर मला चालतंय. तुमच्या मशीनला चालत न्हाय, त्याला मी काय करू? तलाठ्याकडून वारसनोंद आना, लगीच नाव चढवतो. तवर ती वळ काढून ठेवा."

तलाठी टँकरच्या ड्यूटीवर. आज या वाडीला, उद्या त्या वाडीला, टँकरच्या मागं मोटारसायकलवर. गौराबाई आणि मी दोन वेळा त्याच्या चावडीला जाऊन आलो. कुलूप होतं. कुलपाला लावलेल्या चिठ्ठीवर लिहिलं होतं, की साहेब दौऱ्यावर आहेत.

मी ती ओळ काढली. एवढं बोट दाबलं आणि ती गेली. बाकीची फाइल लख्ख वाचली गेली. पुढच्या वाटपाला चांगुणाबाई पुन्हा पाथरूडच्या झाल्या, दगडू माणसात आला, जनावरामागं दोन पेंढ्या सगळ्यांना मिळाल्या. आबारावांनी माझ्या गळ्यात हार घातला. जुनी यादी संघाच्या बोर्डावर टाचणीनं तशीच लावलेली होती, तिच्याशेजारी नवी लावली, म्हणजे लोकांना फरक कळावा. लोक म्हणाले, मशीन सुधारलं. मी हार घालून घरी आलो, तर समोरच्या दारात गौराबाई चंद्रीपुढं छपराचं पाचट उपसून टाकत होत्या. त्यांनी माझा हार बघितला. मी तो गळ्यातून काढून मागं धरला, ते जास्तच वाईट दिसलं.

सत्यभामेनं त्या रात्री मला वाढलं आणि समोर बसली. "सगळ्या तालुक्याचं बरोबर आलं," ती म्हणाली, "आणि दारातलं तेवढं राहिलं." मी म्हटलं, नियम आहे. "नियमाला म्हैस आहे का?" तिनं विचारलं. मी खोटं सांगत नाही, मला स्वतःची लाज वाटत होती, आणि लाज वाटायला लागली की मला राग येतो. मी तिच्यावर ओरडलो.

दुसऱ्या दिवशी मी डेपोवर गेलो. कोंडीरामला बाजूला घेतलं. "कोंडीराम, गौराबाईंना एक पेंढी दे. माझ्या शब्दावर."

कोंडीराम कडब्याच्या गंजीला टेकून बिडी ओढत होता. "साहेब, आधी म्या तोंड बघून देत हुतो. गौराक्काचं तोंड बघून म्या तीन बी दिल्या असत्या. आता कागद बघून द्यायच्यात. ह्यो नियम तुमीच आनला. कागदावर हाय का नाव?" नव्हतं. "मग म्या काय देऊ? संध्याकाळला पेंढ्या मोजून घेत्यात."

तेव्हा मी सोलापूरच्या सरांना विचारायचं ठरवलं. संघाचा फोन बिल न भरल्यामुळं मुका होता. मच्छिंद्रची ड्यूटी भूम-सोलापूर गाडीवर. त्याला मी आमच्या ओट्यावर बसवून, चहा पाजून, खडूनं फरशीवर काढून समजावलं: नावातच स्वल्पविराम आहे, तो काढायचा नाही, आणि तरी मशीनला तो बांध वाटू नये, असं काही करता येतं का, एवढं सरांना विचारून ये. मच्छिंद्र म्हणाला, "एवढंच ना? उद्याच्याला उत्तर घिऊन येतो."

उद्याच्याला एस.टी.च्या डेपो मॅनेजरनं त्याला लातूर गाडीवर टाकलं. लातूरचा कंडक्टर आजारी पडला होता. मच्छिंद्र रोज संध्याकाळी घरी येताना मला हात हलवायचा. लातूरहून. मी त्याच्या बदली कुणाला विचारायला सांगू म्हटलं, तर सोलापूर गाडीवरचा नवा माणूस म्हणाला, टिंबाटांबाचं आपल्याला जमायचं नाही, काही पार्सल असलं तर द्या. मी स्वतः जावं म्हटलं तर आबाराव रजा देईनात, आता मशीन चाललंय, ते सोडून कुठं जाता. मशीन बरोबर चालतंय म्हणून मला ते दुरुस्त करायला जाता येईना, असा तो पेच होता.

चंद्री दिवसेंदिवस उतरत गेली. छपराचं पाचट संपलं. गौराबाई पहाटे उठून लिंबाचा पाला आणायला जायच्या, पण लिंबांना तरी किती पाला असणार, सगळ्या गावाच्या शेळ्या त्याच लिंबांवर होत्या. सत्यभामा आमच्या घरातलं धान्य पाखडलेला कोंडा, भाज्यांची देठं, भाकरीचे तुकडे त्यांच्याकडं पोचवायची. चंद्रीच्या बरगड्या दिसायला लागल्या आणि पोट तेवढं मोठं. मी कामावर जाताना गल्लीच्या मागच्या बाजूनं जाऊ लागलो. लोकांना वाटलं मला हाराचा गर्व झाला.

अखेर लातूरचा कंडक्टर बरा झाला आणि मच्छिंद्र सोलापूरहून आला. बुधवारी रात्रीची गाडी, म्हणून मला दुसऱ्या दिवशी सकाळी भेटला. ओट्यावर उभ्या उभ्याच म्हणाला, "लई सोपं हाय म्हनले सर. हसले जरा. नावाच्या दोन्ही अंगाला ती बोलनं लिवताना देत्यात ती वरची दोन-दोन चिन्हं द्यायची. मंग त्यांच्या आत काय बी असू द्या, मशीन त्याला एकच समजतंय. आतला बांध त्याला दिसतच न्हाय."

अवतरणचिन्हं. मला हसू आलं नाही. एवढंच होतं. सोलापुरात मी एक तास जास्त बसलो असतो तर तेव्हाच कळलं असतं.

लाईट दुपारी आली. मी ओळ परत घातली. बलभीम, स्वल्पविराम, गौराबाई, आणि दोन्हीकडून अवतरणचिन्हं. फाइल लिहिली. मग वाचणारा प्रोग्राम चालवला. पडद्यावर आलं: नाव बलभीम, गौराबाई. गाव भूम. जनावरं एक. त्याच्या खाली चांगुणाबाई आपल्या पाथरूडला सुखरूप होत्या. मी महांतप्पांना हाताला धरून खोलीत आणलं, चपलेसकट. त्यांनी चष्मा लावून वाचलं. "दोघं हायत. मधी स्वल्पविराम हाय. रीतीला धरून हाय." त्यांनी छापील कागदावर सही केली, शिक्का मारला. मी कागद घेऊन पळत निघालो. माझ्यासारखा पोट सुटलेला माणूस बाजारपेठेतून पळताना बघून लोक दुकानाबाहेर आले. गुरुवार होता, बाजारचा दिवस, गर्दीतून वाट काढत मी गल्लीत शिरलो.

गौराबाई दारात बसल्या होत्या. खुंट्याला नुसतं दावं होतं.

"अक्का, झालं," मी म्हटलं. धाप लागली होती. "नाव आलं. दोघांचं. आत्ता डेपोवर चला, दोन पेंढ्या."

त्यांनी कागद हातात घेतला. वाचता येत नव्हतं, पण बघितला. "बरं झालं बगा," त्या म्हणाल्या. "सकाळी बाजाराला नेली भाऊ. उभी ऱ्हायना. म्हनलं, पडायच्या आधी कुनी तरी खानं घालनाऱ्यानं न्यावं. बारशीकडचा मानूस हुता. ट्रकीत चढवताना मागं बघत हुती."

मी ओट्यावर बसलो. सत्यभामा समोरून बघत होती, तीही आली आणि गौराबाईंच्या शेजारी बसली. मी उगाच म्हटलं, की परवा पेंढी मिळाली असती तर. गौराबाई म्हणाल्या, "तुमी तरी काय करनार. मशीनला कळंना त्याला."

दुसऱ्या दिवशी महांतप्पांनी मला बोलावलं. म्हैस विकल्याचं त्यांच्या कानावर गेलं होतं. "दुरुस्ती करून घ्या," ते म्हणाले, "न्हाय तर उद्या दोन पेंढ्या फुकट जायच्या." मी खोलीत जाऊन बसलो. तेवढ्यात खिडकीशी, वाळ्याच्या ओल्या पडद्यापलीकडं, गौराबाई येऊन उभ्या राहिल्या.

"भाऊ, जनावर काय लिहायचं ते लिवा. पर नाव तेवढं तसंच ऱ्हाऊ द्या. त्येंचं आणि माजं. मधलं ते काढू नका."

मी म्हटलं, नाही काढत. एकाच्या जागी शून्य घातलं आणि यादी छापली. महांतप्पांनी सही केली आणि मी ती बोर्डावर लावायला गेलो. पहिल्या दिवशीची यादी तिथं अजून होती, उन्हानं पिवळी पडलेली. आबाराव मागून आले, त्यांनी दोन्ही याद्यांवर बोट फिरवलं आणि बलभीमच्या ओळीवर थांबले. इथं शून्य, तिथं शून्य. "बगा," ते म्हणाले, "म्या म्हनत न्हवतो? मशीननं पैल्याच दिवशी बराबर सांगितलं हुतं."